वाचकांचे प्रश्न : चायनीजच्या गाडीवर नेमके काय पाहावे?

गेल्या काही आठवड्यांत आलेल्या पत्रांमध्ये चायनीजच्या गाड्यांविषयीची पत्रे इतकी होती की हे सदर या वेळी त्याच एका विषयाला द्यावे असे ठरवले. पत्रे जळगाव, भुसावळ, धुळे, नंदुरबार, अमळनेर आणि चोपडा येथून आली आहेत. त्यांतील एक पत्र स्वतः गाडी लावणाऱ्या गृहस्थांचे आहे, याचा विशेष आनंद वाटतो. पत्रलेखकांची नावे नेहमीप्रमाणे दिलेली नाहीत.

प्रश्न : माझा मुलगा बारावीत आहे. शिकवणी सुटल्यावर तो आणि त्याचे मित्र शेजारच्याच गाडीवर साठ रुपयांत हाफ शेजवान राइस किंवा नूडल्स खातात आणि घरी आल्यावर जेवायला नको म्हणतात. सासूबाई म्हणतात की त्यात अजिनोमोटो असते आणि ते विष आहे. मुलाला कसे समजवावे? (गृहिणी, जळगाव)

उत्तर : प्रथम ‘विष’ हा शब्द बाजूला ठेवावा, कारण मुलगा मोबाइलवर दोन मिनिटांत त्याचे खंडन शोधून काढील आणि मग आपल्या बाकीच्या रास्त सूचनाही त्याच्याबरोबर वाहून जातील.

अजिनोमोटो हे एका जपानी कंपनीचे नाव आहे. पदार्थ आहे मोनोसोडियम ग्लुटामेट, आणि गाडीवाले त्याला टेस्टिंग पावडर म्हणतात. टोकियोच्या विद्यापीठातील रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी १९०८ मध्ये कोम्बू या समुद्री शेवाळाच्या काढ्यातून रुची वाढवणारा हा घटक वेगळा केला आणि पुढच्याच वर्षी तो बाजारात विकला जाऊ लागला. आज तो उसाच्या मळीसारख्या कच्च्या मालापासून आंबवून तयार करतात. पिकलेल्या टोमॅटोत आणि आईच्या दुधातही ग्लुटामेट निसर्गतःच असतो, आणि पावडरीतला कोणता व टोमॅटोतला कोणता, असा भेद आपले शरीर करत नाही.

या पावडरीची बदनामी १९६८ पासून सुरू झाली. त्या वर्षी अमेरिकेतील डॉ. रॉबर्ट हो मान क्वोक यांनी एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकाला पत्र लिहून, चिनी उपाहारगृहात जेवल्यावर आपल्याला मानेत बधिरपणा, अशक्तपणा आणि छातीत धडधड जाणवते असे कळवले. कारण काय असावे याविषयी त्यांनी सोया सॉस, स्वयंपाकात वापरलेले मद्य, जास्तीचे मीठ अशा अनेक शक्यता मांडल्या होत्या, पण लोकांच्या लक्षात राहिली ती एकटी पावडर. पुढे ज्या चाचण्यांत खाणाऱ्याला आपल्या ताटात पावडर आहे की नाही हे कळू दिले जात नाही, तशा चाचण्यांत नेहमीच्या जेवणातील प्रमाणाने हा त्रास सातत्याने दिसून आला नाही. काही संवेदनशील व्यक्तींना मात्र रिकाम्या पोटी, इतर अन्नाशिवाय, तीन ग्रॅम किंवा त्याहून अधिक मात्रा घेतल्यास डोके दुखणे, चेहरा तापणे, गुंगी येणे असा तात्पुरता त्रास होऊ शकतो. आपल्याला तसा अनुभव असेल तर ती टाळावी, आणि एक वर्षाच्या आतील बाळाला तर ती कोणत्याही रूपात देऊ नये.

खरी काळजी करण्यासारखी गोष्ट मीठ ही आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढ माणसाने दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे, आणि नेहमीच्या सोया सॉसच्या एका मोठ्या चमच्यातच सुमारे दोन ते अडीच ग्रॅम मीठ असते. त्यावर भात शिजवतानाचे मीठ, शेजवान चटणीतले मीठ आणि शेवटी गाडीवाल्याने सवयीने टाकलेली चिमूट. मोनोसोडियम ग्लुटामेटमध्ये सोडियम सुमारे बारा टक्के असते आणि साध्या मिठात एकोणचाळीस टक्के, तेव्हा चिमटीला चिमूट तोलली तर दोषाचे माप कुठे झुकते हे उघड आहे. (आपण खानदेशी माणसांनी तेला-मिठाच्या बाबतीत चायनीजला फार नावे ठेवू नयेत. शेवभाजीवरची तर्री आपण कौतुकाने मोजतो.)

मुलगा रोज खातो आणि जेवण टाकतो, ही आपल्या पत्रातली मुख्य बाब मला वाटते. हाफ राइसमध्ये भात, तेल आणि मूठभर कोबी असतो. वाढत्या वयाच्या मुलाला लागणारी प्रथिने त्यात जवळजवळ नसतात आणि पोट मात्र भरते. संध्याकाळी शिकवणीला निघताना तो काय खाऊन जातो ते पाहावे. चार वाजता नुसता चहा घेऊन गेलेल्या मुलाला आठ वाजता झणझणीत कढईचा वास आला, तर त्याला दोष देण्यात अर्थ नाही. निघताना दोन केळी आणि मूठभर शेंगदाणे-गूळ, किंवा भरलेली पोळी पोटात गेली तर गाडीवरचा मोह निम्मा होतो. आठवड्यातला एक दिवस ठरवून द्यावा आणि त्या दिवशी मात्र टोचून बोलू नये.

प्रश्न : मी रेल्वेत नोकरीला असून रात्रपाळीला निघताना कधीकधी स्थानकाबाहेरील गाडीवर फ्राइड राइस खातो. मे महिन्यात एकदा खाल्ल्यानंतर दोन-अडीच तासांत जोराच्या उलट्या झाल्या. भात माझ्यासमोर मोठ्या आचेवर परतला होता आणि वाफाळता होता. इतके गरम अन्न बाधते कसे? (वाचक, भुसावळ)

उत्तर : आपल्याला नेमके कशाने बाधले हे दुरून सांगता येणार नाही, परंतु आपण वर्णन केलेला प्रकार वैद्यकशास्त्राला चांगला परिचित आहे, आणि त्यात संशयाची सुई परतण्याकडे न जाता त्याआधीच्या सात-आठ तासांकडे जाते.

तांदळात बॅसिलस सीरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू, म्हणजे कठीण कवचातली त्याची सुप्त रूपे, असू शकतात, कारण हा जिवाणू मातीतच राहतो. भात उकळला की बहुतेक जिवाणू मरतात, पण हे बीजाणू टिकून राहतात. शिजलेला भात मोठ्या पातेल्यात झाकून ठेवला तर मधला गाभा तासन्‌तास कोमट राहतो, बीजाणूंना अंकुर फुटतात, जिवाणू झपाट्याने वाढतात आणि भातातच एक विषारी द्रव्य सोडतात. हे विष उष्णतेला दाद देत नाही. प्रयोगशाळेतील उपकरणे निर्जंतुक करण्यासाठी जे १२१ अंश तापमान वापरतात, त्यातूनही ते टिकून राहते, मग कढईत दोन मिनिटे उलथापालथ झालेल्या भाताची काय कथा! जिवाणू मरतात, विष उरते, भात वाफाळत ताटात येतो आणि अर्ध्या तासापासून सहा तासांपर्यंत केव्हाही उलट्या सुरू होतात. १९७० च्या दशकात ब्रिटनमध्ये अशा विषबाधांचा थेट संबंध चिनी उपाहारगृहांतील फ्राइड राइसशी आढळला होता. तेथील आचारी शिजवलेला भात फ्रिजमध्ये ठेवत नसत, कारण थंड केल्यावर शिते एकमेकांना चिकटतात अशी त्यांची तक्रार असे.

आता हे आपल्या भागाला लावून पाहा. गाडीवाला भात दुपारी शिजवतो, कारण ताजा, ओलसर भात कढईत घातला की गोळा होतो आणि सुटे शीत हवे असेल तर तो वाळू द्यावा लागतो. पाचच्या सुमारास गाडी लागते आणि शेवटची प्लेट रात्री अकराला जाते. भुसावळ-जळगावचा मे महिना, पारा ४५ अंशांच्या आसपास, रात्रीही हवा निवत नाही. पाच ते साठ अंश या टप्प्यात अन्नातील जिवाणू वाढतात असे मानतात, आणि या जिवाणूला तर तीस ते सदतीस अंश सर्वांत मानवतात. म्हणजे गाडीवरच्या पातेल्याला आपल्याकडे उन्हाळ्यात आयतीच ऊब मिळते.

म्हणून भाताचे पातेले पाहावे. वरचा भात सुटा असला तरी डाव खाली गेल्यावर गरम, ओलसर, किंचित चिकट भात वर येत असेल, तर तो भात नीट निवलेला नाही. गिऱ्हाईक भरपूर असलेल्या गाडीवर भात संपतो आणि पुन्हा शिजवावा लागतो, त्यामुळे संध्याकाळच्या पहिल्या गर्दीत खाणे हे रात्री उशिरा, उरलेला तळ खाण्यापेक्षा केव्हाही बरे. रात्रपाळीच्या माणसाने त्या वेळी भाताऐवजी नूडल्स घ्याव्यात असे मी सुचवले असते, परंतु त्याही दुपारी उकडून तेल लावून ठेवलेल्या असतात आणि त्यांनाही बऱ्याच अंशी हीच गोष्ट लागू पडते. आपल्या घरी रात्रीचा भात ओट्यावर राहतो आणि सकाळी त्याला फोडणी मिळते, तेव्हा हा धोका केवळ गाडीपुरता नाही. उरलेला भात तास-दोन तासांच्या आत ताटात पसरून निववावा आणि फ्रिजमध्ये ठेवावा.

उलट्या सुरू झाल्यावर ओआरएसचे पाकीट एक लिटर पाण्यात मिसळून थोडे थोडे घ्यावे. हा त्रास बहुधा दिवसभरात थांबतो. रक्त पडणे, ताप, लघवी कमी होणे, गुंगी यांपैकी काहीही दिसले, किंवा रुग्ण लहान मूल, गर्भवती अथवा वृद्ध असेल, तर वाट न पाहता डॉक्टरांकडे जावे.

प्रश्न : मंचुरियन खाल्ल्यावर बोटे लालभडक होतात आणि साबणाने धुतली तरी रंग जात नाही. हा रंग कोणता आणि तो घातक आहे का? (महाविद्यालयीन विद्यार्थिनी, देवपूर, धुळे)

उत्तर : बोटांवरच्या डागावरून रंग कोणता हे ओळखता येत नाही, पण तो मिरचीचा नसावा एवढा तर्क करता येतो. मिरचीचा लाल रंग तेलात विरघळतो, पाण्यात नाही. मंचुरियनचा एक गोळा वाटीभर साध्या पाण्यात बुडवून ठेवावा. पाणी लगेच एकसारखे नारिंगी-लाल झाले तर वरून घातलेला, पाण्यात विरघळणारा रंग त्यात आहे असे समजायला हरकत नाही. हा केवळ इशारा झाला, पुरावा प्रयोगशाळाच देऊ शकते.

आपल्या देशात अन्नात वापरण्यास मोजकेच कृत्रिम रंग मान्य आहेत आणि तेही ठरावीक पदार्थांत, ठरावीक मर्यादेत. गाडीवर मात्र रंग चिमटीने पडतो. त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे रोडामाइन-बी. हा कापड व कागद रंगवण्याचा औद्योगिक रंग असून अन्नात त्याला मुळीच परवानगी नाही. मार्च २०२४ मध्ये कर्नाटक सरकारने गोबी मंचुरियनचे १७१ नमुने तपासले तेव्हा १०७ नमुन्यांत असुरक्षित कृत्रिम रंग सापडले. त्यानंतर त्या राज्याने गोबी मंचुरियनमध्ये कृत्रिम रंग वापरण्यावर आणि बुढ्ढी के बाल या मिठाईत रोडामाइन-बी वापरण्यावर बंदी घातली. तो आदेश त्या राज्यापुरता आहे, परंतु रोडामाइन-बी महाराष्ट्रातही तितकाच बेकायदा आहे.

आपल्याला एखाद्या ठिकाणचा संशयच असेल तर अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम ४० नुसार ग्राहक स्वतः शुल्क भरून पदार्थ अन्न विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकतो. मात्र तसा हेतू खरेदीच्या वेळीच विक्रेत्याला सांगावा लागतो, आणि खाऊन पस्तावल्यावर हा मार्ग उरत नाही. त्यापेक्षा अन्न व औषध प्रशासनाच्या १८००-२२२-३६५ या निःशुल्क क्रमांकावर कळवणे सोपे. ज्या गाडीवर मंचुरियन तपकिरी दिसते, त्या गाडीला पसंती द्यावी हे तर त्याहूनही सोपे.

प्रश्न : हे सगळे पदार्थ चीनमध्ये खरोखर खातात का? की आपलीच भेसळ आहे? (निवृत्त शिक्षक, नंदुरबार)

उत्तर : भेसळ म्हणण्यापेक्षा दत्तक म्हणावे. चीनमधून आलेले लोक अठराव्या शतकाच्या अखेरीपासून कोलकात्याच्या परिसरात वसले. त्यांतील हक्का समाजाने टांगरा भागात चामडे कमावण्याचा धंदा आणि नंतर खाणावळी चालवल्या. गाडीवरच्या ‘हक्का’ नूडल्सना ते नाव त्या समाजावरून मिळाले आहे. याच कोलकात्यात जन्मलेले नेल्सन वांग मुंबईला आले आणि १९७५ मध्ये क्रिकेट क्लब ऑफ इंडियात आचारी असताना त्यांनी काहीतरी नवे मागणाऱ्या गिऱ्हाइकासाठी चिकन मंचुरियन बनवले. आले, लसूण, हिरवी मिरची ही आपल्या रश्श्याची सुरुवात घेऊन त्यांनी गरम मसाल्याऐवजी सोया सॉस आणि कॉर्नफ्लोअर घातले. शाकाहारी गिऱ्हाइकासाठी चिकनच्या जागी फ्लॉवर आणि कोबी आला, आणि चीनच्या ईशान्येकडील मांचुरियात ज्याचा पत्ताही नाही असा पदार्थ आपल्याकडे गल्लोगल्ली पोहोचला.

शेजवान चटणीचेही तसेच. चीनच्या सिचुआन प्रांतातील जेवण तिखट असते हे खरे, पण तेथील ओळखीची चव जिभेला मुंग्या आणणाऱ्या एका फळाची आहे. आपल्या कोकणात माशांच्या आमटीत पडणारे तिरफळ त्याच्याच कुळातले. गाडीवरच्या चटणीत ते नसते. तिच्यात असतात भिजवून वाटलेल्या सुक्या लाल मिरच्या, भरपूर लसूण, तेल, व्हिनेगर आणि साखर. आपण तर मिरचीच्या गावचे. हिवाळ्यात पथाऱ्यांवर लाल मिरची वाळत पडते तेव्हा रस्त्याने जाणाऱ्याचे डोळे झोंबतात, हे आपल्याला सांगायला नको. त्या मिरचीला लसणाची जोड दिली की आपला ठेचा होतो, आणि व्हिनेगर-साखर घातली की शेजवान.

प्रश्न : गरम मंचाव सूप पातळ पिशवीत बांधून आणावे का? आणि श्रावणात ‘शुद्ध शाकाहारी’ अशी पाटी नसलेल्या गाडीवर खावे का? (वाचक, अमळनेर)

उत्तर : पहिल्याचे उत्तर नाही, कारण उकळते, तेलकट, आंबट सूप अशा पिशवीसाठी नसते. घरून स्टीलचा डबा न्यावा. मंचुरियनही वर्तमानपत्रात बांधून घेऊ नये, कारण छपाईची शाई अन्नात उतरते आणि नियमांनी हे निषिद्ध आहे. दुसरा प्रश्न श्रद्धेचा आहे. एकाच कढईत व एकाच झाऱ्याने शाकाहारी आणि मांसाहारी दोन्ही होत असते हे गृहीत धरावे आणि ज्याला ते चालत नाही त्याने फक्त शाकाहारी गाडी शोधावी. मध्ये कढई धुवायला सांगितल्याने होते ते इतकेच की बादलीतले पाणी एकदा फिरते.

प्रश्न : मी चोपड्यात गाडी लावतो. सोबत एक नेपाळी कारागीर आहे. कुणाचेही पोट दुखले की आमच्याकडे बोट दाखवतात. मी तेल चांगले वापरतो, रंग टाकत नाही. आणखी काय केले म्हणजे लोकांचा विश्वास बसेल? (गाडीचालक, चोपडा)

उत्तर : आपल्या पत्राबद्दल मनापासून आभार. आपल्या धंद्यातील सर्वांत सुरक्षित टप्पा म्हणजे ती भडकलेली भट्टी आणि लालबुंद कढई, आणि गिऱ्हाईक नेमके तिच्याकडे पाहत उभे राहते. दोष शिरतो तो कढईच्या आधी आणि कढईच्या नंतर.

आधीच्या भाताविषयी भुसावळच्या वाचकांना सविस्तर लिहिले आहे, ते आपणही वाचावे. एकदम दहा किलो शिजवण्याऐवजी दोन-तीन घाण्यांत शिजवावा, शिजताच मोठ्या परातींत बोटभर थरात पसरावा, वर मलमल टाकावी आणि पंखा लावावा. वाफ निघून गेल्यावर शीत आपोआप सुटे होते, म्हणजे सुरक्षितता आणि सुटेपणा दोन्ही एकाच कामात साधतात. निवलेला भात बर्फाच्या पेटीत ठेवून लागेल तसा काढावा आणि रात्री उरलेला दुसऱ्या दिवशी वापरू नये. मंचुरियनचे गोळे दुपारी अर्धे तळून ठेवण्याची पद्धत सर्वत्र आहे. ते बाहेरून तांबूस दिसतात पण आतील कोबी-मैदा अर्धकच्चा व कोमट असतो, म्हणून तेही गार ठेवावेत आणि देताना मध्यापर्यंत तळावेत.

तेलाविषयी एक नियम माहीत असावा. तळण्याच्या तेलातील एकूण ध्रुवीय संयुगे, म्हणजे तेल पुन्हा पुन्हा तापल्याने त्यात साठत जाणारे बिघडलेले घटक, २५ टक्क्यांपेक्षा जास्त झाली की ते तेल वापरता येत नाही, असे बंधन १ जुलै २०१८ पासून आहे. गाडीवर ते मोजण्याचे यंत्र नसले तरी तेल काळपट व दाट होणे, गोळे टाकताच वर फेस येऊन तो न बसणे आणि आच मंद असतानाही धूर निघणे ही लक्षणे डोळ्यांना दिसतात. अशा तेलात नवे तेल ओतल्याने जुने सुधारत नाही, नवे मात्र लवकर बिघडते.

कढईनंतरचे काय, याकडे गाडीवाल्यांचे सहसा लक्ष जात नाही. गरम भात ताटात येतो आणि त्याच्यावर सकाळी चिरलेली, रस्त्याची धूळ खाल्लेली कांद्याची पात व कच्चा कोबी पडतो. बाजूला चटणी येते, जिच्या भांड्यातला चमचा दिवसभर तोच असतो. ताट पुसले जाते ते त्याच फडक्याने, ज्याने कारागिराने कढईचा कान धरलेला असतो. आचेने केलेले सगळे काम त्या एका फडक्यात वाया जाते. वर घालायची भाजी झाकलेल्या डब्यात, स्वच्छ पाण्याने धुऊन ठेवावी. ताटे एकाच बादलीत बुचकळण्याऐवजी नळाच्या पिंपाखाली धुवावीत. पैसे घेणारा हात आणि वाढणारा हात एकच असू नये. आपण दोघे आहात, तेव्हा गल्ला आपण सांभाळावा आणि कारागिराला फक्त कढईकडे ठेवावे.

कागदपत्रांच्या बाबतीत, अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ नुसार फेरीवाल्यासह प्रत्येक छोट्या खाद्यविक्रेत्याला नोंदणी आवश्यक आहे. मोठ्या व्यवसायाला लागतो तो परवाना यापेक्षा वेगळा. अर्ज ऑनलाइन भरता येतो आणि त्यासाठी दलालाला हजारो रुपये देण्याचे कारण नाही. जागेचा प्रश्न वेगळा असून त्यासाठी २०१४ चा पथविक्रेता कायदा आहे. नगरपरिषदेच्या पथविक्रेता सर्वेक्षणात आपले नाव आहे का ते पाहावे आणि नसल्यास लेखी अर्ज करून पोच घ्यावी. चौदा अंकी क्रमांक असलेले नोंदणीचे प्रमाणपत्र मिळाल्यावर ते घरच्या कपाटात ठेवू नये. प्लास्टिकच्या पाकिटात घालून गाडीच्या काचेवर, सॉसच्या बाटल्यांच्या वरच्या बाजूला, गिऱ्हाइकाला वाचता येईल असे लावावे.